सेव्ह केलंय का?

गेमिंगचा विषय निघाला की लोक ग्राफिक्स, स्टोरी, कुठलं कन्सोल भारी यावर तासन्तास बोलतात, मीही बोलतो, पण इतकी वर्षं खेळून झाल्यावर मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं ते सेव्हबद्दल. म्हणजे खेळ मध्येच थांबवून नंतर तिथूनच पुढे खेळता येणं. आजच्या पोरांना ही गोष्ट इतकी गृहीत आहे की तिच्यावर लिहायचं काय असं वाटेल, पण माझं अख्खं गेमिंग याच एका गोष्टीभोवती घडलं. ती नव्हती तेव्हाचं एक, अर्धीमुर्धी होती तेव्हाचं एक, आणि आता इतकी झालीये की दिसतच नाही, तर आताचं एक. तिन्ही वेळेला मी वेगळाच खेळणारा होतो असं वाटतं मला.

आमच्या घरी पहिल्यांदा जे आलं त्याला आम्ही नुसतं टीव्ही गेम म्हणायचो. सोलापुरात, गड्ड्याच्या यात्रेतून घेतलेला. निन्टेंडो हे नाव कोणाला ठाऊक होतं तेव्हा! जपानात जुलै १९८३ मध्ये याच निन्टेंडोचं फॅमिकॉम नावाचं कन्सोल आलं, मासायुकी उएमुरा या इंजिनियरच्या टीमने बनवलेलं, आणि त्याच्या ज्या बेसुमार नकला निघाल्या त्यातली एक नव्वदच्या दशकात आमच्या शोकेसवर येऊन बसली. टीव्हीला वायर लावायची, चॅनेल जुळेपर्यंत मुंग्या बघायच्या, कॅसेट खोचायची. कॅसेटवर लिहिलेलं असायचं ९९९९ इन १, आणि आत खरे गेम मोजके, तेच पुन्हा पुन्हा. मारिओ, कॉन्ट्रा, टँक, बदकं मारायचा बंदुकीचा गेम, सर्कस, बॉम्बरमॅन. टँकचं खरं नाव बॅटल सिटी, नॅमको कंपनीचा १९८५ चा गेम, हे मला कॉलेजात कळलं.

यातल्या एकातही सेव्ह नव्हतं. मारिओचे ८ वर्ल्ड, प्रत्येकात ४ लेव्हल, एकूण ३२, आणि हे सगळं एका बैठकीत करायचं. सुरुवातीला ३ जीव. हे जीव का असतात माहितीये का? कारण ही पद्धत आली व्हिडिओ गेम पार्लरमधून, आणि पार्लरच्या मशीनला तुम्ही लवकर मरणं गरजेचं होतं, मेलात की पुढचं नाणं पडतं. घरच्या टीव्हीवर नाणं टाकायची सोयच नव्हती तरी ती जीवांची पद्धत तशीच आली. मारिओत गेम ओव्हर झाल्यावर ए दाबून धरून स्टार्ट दाबलं की ज्या वर्ल्डमध्ये मेलात त्याच वर्ल्डच्या सुरुवातीला परत जाता येतं, ही युक्ती गेममध्ये पहिल्यापासून होती, पण आमच्या अख्ख्या गल्लीत एकालाही ती माहीत नव्हती, सोबत पुस्तिका वगैरे काही यायचं नाही ना, जे काय कळायचं ते कोणाच्या तरी मावसभावाकडून. त्यामुळे मेलो की पुन्हा पहिली लेव्हल, पुन्हा तोच पहिला मशरूम.

पण या पुन्हा-पुन्हाने आतमध्ये काय होतं ते मला फार मोलाचं वाटतं. मारिओची पहिली लेव्हल मला आजही डोळे मिटून खेळता येईल, कुठे धावायचं, कुठे किती वेळ बटण दाबून ठेवायचं. कॉन्ट्राच्या तिसऱ्या लेव्हलला धबधबा आहे, तिथे दोघं खेळत असले आणि वरचा घाईघाईत चढला की स्क्रीन वर सरकते आणि खालचा मरतो, बिचाऱ्याने काहीही न करता. दादा आणि मी या धबधब्यावर जितके भांडलो तितके कशावरच भांडलो नाही आणि तिथेच एकमेकांसाठी थांबायलाही शिकलो, म्हणजे तो चढायचा, थांबायचा, चल म्हणायचा, मग मी. हे सगळं हातात साठत गेलं कारण मशीनमध्ये साठवायला जागाच नव्हती.

आता एक गंमतीची गोष्ट जी मला फार उशिरा लक्षात आली. त्या ९९९९ वाल्या कॅसेटच्या यादीत एकच गेम वेगवेगळ्या आकड्यांवर असायचा आणि आम्हाला वाटायचं फसवलं, पण नीट बघितलं तर एका आकड्यावर कॉन्ट्रा पहिल्या लेव्हलपासून, दुसऱ्या आकड्यावर तोच कॉन्ट्रा चौथ्या लेव्हलपासून, तिसऱ्यावर सुरुवातीलाच भारी बंदूक हातात, असं असायचं. यादी फुगवायला त्या नकला करणाऱ्यांनी गेममध्ये दोन-चार आकडे बदलले होते, बास. पण आमच्यासाठी ते सेव्हच होतं की! कोणाला किती नंबरवर काय लागतं हे आम्हाला पाठ होतं आणि पाहुणा पोरगा आला की तो नंबर सांगायचा का नाही हे त्याच्याशी दोस्ती किती यावर ठरायचं.

आणि त्याच कॅसेटने आमचं एक मोठं नुकसानही केलं, ज्यावर कोणी बोलत नाही. एवढे गेम एका कॅसेटमध्ये बसवायचे तर छोटे छोटेच घ्यावे लागणार. मारिओ अख्खा ४० केबीचा आहे. आज आपण एकमेकांना गुड मॉर्निंगचा फोटो पाठवतो तो याच्याहून मोठा असतो. पण त्याच फॅमिकॉमवर १९८६ मध्ये झेल्डा आला होता, आठवडेच्या आठवडे खेळायचा, नकाशा वहीवर काढायचा, आणि १९८७ मध्ये तो अमेरिकेत कॅसेटवर आला तेव्हा त्या कॅसेटच्या आत घड्याळात असतो तसा एक बटण सेल होता. कन्सोल बंद केलं तरी तो सेल एका छोट्या मेमरीला जागं ठेवायचा आणि तुमचा गेम तिथे राहायचा. ड्रॅगन क्वेस्टही १९८६ मध्येच जपानात आला, त्यात सेल नव्हता तर २० अक्षरांचा पासवर्ड वहीत उतरवून घ्यायचा, दुसऱ्या भागात तर तो ५२ अक्षरांपर्यंत गेला आणि एक अक्षर चुकलं की सगळं पाण्यात. हे असले गेम आमच्या कॅसेटवर नसायचेच. त्यामुळे आमच्या पिढीला त्या मशीनची फक्त एक बाजू दिसली, धावा, उड्या मारा, गोळ्या झाडा, मरा. त्याच मशीनवर जपानी पोरं लांबलचक गोष्टी जगत होती. मला याचं खरंच वाईट वाटतं, दहा वर्षांच्या मला झेल्डा मिळाला असता तर काय झालं असतं असं अजूनही मनात येतं.

पार्लरबद्दल वेगळं लिहायला हवं कधीतरी. मुस्तफा, म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, त्याच्याशिवाय आमचं शहर पूर्ण होत नव्हतं. पण सेव्हच्या बाबतीत पार्लरचा हिशोब सोपा होता, खिशात जेवढी कॉइन तेवढं आयुष्य, आणि मशीनवर दिवसभर राहायची ती फक्त जास्त स्कोर करणाऱ्यांची तीन अक्षरांची नावं.

मग आले सायबर कॅफे. जीटीए मालिकेतला व्हाईस सिटी, मायामीवर बेतलेल्या शहरातला, २००२ चा, पीसीवर २००३ मध्ये आला आणि आपल्याकडे तर तो पुढे कित्येक वर्षं राज्य करत होता. त्यात सेव्हचे ८ स्लॉट. कॅफेत एका मशीनवर दिवसाला किती पोरं बसणार आणि स्लॉट आठ! स्लॉटला स्वतःचं नाव देता यायचं नाही, जे मिशन शेवटचं पार केलं त्याचंच नाव तिथे दिसायचं, आणि झालं असं की सगळ्यांची गाडी त्या रिमोटच्या हेलिकॉप्टरवर अडकलेली, चार बॉम्ब उचलून बिल्डिंगच्या मजल्यांवर ठेवायचे ते मिशन, ज्यांनी खेळलंय त्यांच्या अंगावर आत्ताही काटा आला असेल. म्हणजे आठही स्लॉटवर जवळपास तेच नाव आणि यातला आपला कुठला हे तारीख-वेळ बघून ओळखायचं. कोणीतरी आपल्या स्लॉटवर स्वतःचं सेव्ह मारलेलं असायचं. मग हुशार पोरांनी शोधून काढलं की माय डॉक्युमेंट्समध्ये व्हाईस सिटीचं फोल्डर असतं, त्यातली फाईल कॉपी करून न्यायची, आधी फ्लॉपीत, मग पेन ड्राईव्हमध्ये. मीही न्यायचो. खिशात फ्लॉपी आणि त्या फ्लॉपीत माझं मायामी, ही काय भावना होती ते सांगता येत नाही. काही कॅफेवाले तर असं सॉफ्टवेअर टाकायचे की मशीन रिस्टार्ट केलं की सगळं आधीसारखं, व्हायरस नको म्हणून, त्यांचंही बरोबर होतं, पण त्यात तुमचं मायामीसुद्धा पुसलं जायचं. आणि रिस्टार्ट तर व्हायचंच, कारण लाईट.

लोडशेडिंगशिवाय महाराष्ट्रातल्या माझ्या वयाच्या कुठल्याही गेमरची गोष्ट पूर्ण होणार नाही. २००५ नंतरची ती तीन-चार वर्षं आठवा. पेपरात वेळापत्रक छापून यायचं, अमुक भागात सकाळी इतके ते इतके, संध्याकाळी इतके ते इतके, आणि खेड्यात तर विचारूच नका, तिथे लाईट येण्याचंच वेळापत्रक. मी तोपर्यंत प्लेस्टेशन टू घेतलेलं होतं, सेकंडहँड, चिप मारलेलं, कारण तेव्हा ओरिजिनल डिस्कची किंमत घरी सांगायची सोय नव्हती. आणि मेमरी कार्ड वेगळं विकत घ्यायचं असायचं, ८ एमबीचं एवढंसं कार्ड. ते घ्यायला पैसे जमेपर्यंत मी सॅन अँड्रियास, जीटीएचाच पुढचा गेम, कार्डाशिवाय खेळलो. म्हणजे रोज त्यातला हिरो सीजे विमानतळावरून घरी येतो, रोज आईच्या फोटोकडे बघतो, रोज सायकल. कन्सोल बंद न करता रात्रभर चालू ठेवायचं, टीव्ही तेवढा बंद, म्हणजे घरच्यांना कळणार नाही, आणि पहाटे लाईट गेली की संपलं. तो टक असा आवाज, पंखा हळू होत जातो, आणि स्क्रीन आधीच काळी झालेली.

कार्ड आलं त्या दिवसापासून माझं खेळणं बदललं. एकदम गोष्टी पूर्ण व्हायला लागल्या. गेमला शेवट असतो आणि तो आपल्याला बघायला मिळतो हे मला त्या ८ एमबीने शिकवलं. शॅडो ऑफ द कोलॉसस, फुमितो उएदाचा २००५ चा, त्यात १६ राक्षस, एवढी मोठी मोकळी जमीन आणि मध्ये काहीच नाही, नुसता घोडा आणि वारा, आणि प्रत्येक राक्षस पडला की जिंकल्यासारखं न वाटता उलट काहीतरी वाईट केलं असं वाटत राहतं. मी तो अर्ध्यात सोडून झोपलो की दुसऱ्या दिवशी कॉलेजात तेच डोक्यात असायचं. सेव्हमुळे हे झालं. मधल्या वेळात, खेळत नसताना, गेम आपल्यासोबत राहायला लागला, आणि माझ्या मते हीच सेव्हची खरी ताकद आहे, वेळ वाचणं ही फार छोटी गोष्ट झाली.

चांगल्या डिझायनरांना हे फार आधीच कळलं होतं. रेसिडेंट ईव्हिलमध्ये १९९६ ला त्यांनी सेव्ह करायला टाईपरायटर ठेवला आणि त्याला लागणारी शाईची रिबीन मोजूनच दिली. आत्ता सेव्ह करू का पुढच्या खोलीनंतर करू, ही भीती कुठल्याही झोंबीपेक्षा मोठी होती. ज्या खोलीत टाईपरायटर आहे तिथलं ते संथ संगीत ऐकून खांदे सैल व्हायचे माझे. मेटल गिअर सॉलिडमध्ये, १९९८ चा गेम, सायको मँटिस नावाचा व्हिलन म्हणतो मी तुझं मन वाचतो, आणि चक्क तुमचं मेमरी कार्ड वाचून त्याच कंपनीचे कुठले दुसरे गेम तुम्ही खेळता ते सांगतो. आमचं कार्ड दादाच्या मित्राचं वापरलेलं, त्यावर त्याचा कॅसलव्हेनिया होता, त्यामुळे मँटिसने मला जे सांगितलं ते माझ्याबद्दल नव्हतंच, तरी मी ताडकन उठून बसलो होतो. डार्क सोल्सने २०११ मध्ये उलट केलं, सेव्ह तुमच्या हातातूनच काढून घेतलं, गेम सतत स्वतःच सेव्ह होत राहतो, त्यामुळे चुकून एखाद्याला मारलंत तर मारलंत, मागे जाऊन नीट करायचा रस्ता नाही. मला हे पटतं. बाकीच्या गेममध्ये दर दोन मिनिटांनी सेव्ह मारत खेळणं मी आता जाणूनबुजून बंद केलंय, त्यात आपण काही ठरवतच नाही, सगळी उत्तरं वापरून बघतो फक्त.

आणि निअर ऑटोमाटा. ज्यांना अजून खेळायचाय त्यांनी हा परिच्छेद सोडा. २०१७ चा गेम, सगळे मुख्य शेवट बघून झाल्यावर श्रेयनामावलीच चालून येते अंगावर, नावांवर गोळ्या झाडायच्या, एकट्याने ते जवळपास अशक्य, मरत राहता, मग कुठल्यातरी देशातले अनोळखी खेळाडू मदतीला येतात आणि त्यांच्या जोरावर तुम्ही पार होता. त्यानंतर गेम विचारतो की तुम्हालाही अशी कोणाला मदत करायची आहे का, तर त्याची किंमत तुमचं सेव्ह. सगळं. मी हो म्हणालो. एकेक गोष्ट समोर पुसली जाताना दिसते, शस्त्रं, नकाशे, मिशन, एकेक पान रिकामं होत जातं. ज्या पोराने कार्डाशिवाय रोज तोच विमानतळ बघितला होता त्याला हे बटण दाबायला किती जड गेलं असेल बघा. तरीही व्हिडिओ गेमने मला दिलेला तो सगळ्यात मोठा क्षण आहे आणि तो दुसऱ्या कुठल्याही माध्यमात होऊच शकत नाही, पुस्तकात नाही, पिक्चरमध्ये नाही, कारण तिथे वाचकाकडे गमावण्यासारखं काही साठलेलं नसतं.

आता सगळं क्लाऊडवर. भाची फोनवर खेळते, टॅबवर पुढे चालू करते, सेव्ह हा शब्द तिने गेमच्या संदर्भात कधी वापरलेला मी ऐकलेला नाही. चांगलंच आहे, लाईट गेली म्हणून तिचं काही जात नाही. पण आमच्या वेळी सेव्ह जायचं आणि गेम राहायचा, आता सेव्ह राहतं आणि गेमच जातो. द क्रू नावाचा गाड्यांचा गेम होता, २०१४ चा, लोकांनी पैसे देऊन घेतलेला, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि डिस्क घरात असूनही तो चालेना, एकट्याने खेळायचा भागसुद्धा नाही. त्यावरून रॉस स्कॉट नावाच्या यूट्यूबरने स्टॉप किलिंग गेम्स अशी मोहीम काढली आणि युरोपात २०२५ मध्ये तिला १० लाखांवर सह्या मिळाल्या. आपल्याकडे तर सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाईलवर बंदी आली, ऑक्टोबरच्या ३० तारखेला सर्व्हरही बंद झाले आणि गावागावातल्या पोरांची वर्षांची कमाई एका रात्रीत दिसेनाशी झाली, पुढे २०२१ मध्ये बीजीएमआय, म्हणजे पबजीचाच भारतीय अवतार, आल्यावर जुना डेटा आणायची सोय दिली म्हणून ठीक. तेव्हा मोठी माणसं हसली होती. मला नव्हतं हसू आलं.

२०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाऊंडेशनने एक अभ्यास केला, अमेरिकेत २०१० च्या आधी आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात विकतच मिळत नव्हते. ही अमेरिकेची गोष्ट, जिथे संग्रहालयं आहेत, हौशी लोक आहेत, पैसा आहे. आपलं कोण मोजणार? हनुमान बॉय वॉरियर हा २००९ चा प्लेस्टेशन टूचा गेम, हैदराबादच्या स्टुडिओत बनलेला, भारतात बनलेला पहिला कन्सोल गेम म्हणून त्याचा गाजावाजा झाला होता. त्याच वर्षीचा देसी अड्डा, ज्यात कबड्डी आणि विटीदांडू होता. ग्राफिक्स यथातथाच होतं हे मान्य, पण आपण होतो ना त्यात. आज यातला एखादा कोणाकडे असेल तर कपाटात. क्रिकेट ०७ मध्ये लायसन्स नसल्यामुळे आपल्या खेळाडूंची नावंच धड नव्हती, तर आपल्याच पोरांनी रात्र रात्र जागून पॅच बनवले, खरी नावं, खरी किट, आयपीएलच्या टीम, मैदानं, आणि ते सगळं रॅपिडशेअर-मेगाअपलोड या फाईली ठेवायच्या साइटवर ठेवलं. मेगाअपलोड २०१२ मध्ये बंद पडलं, रॅपिडशेअर २०१५ मध्ये. त्या कामाचं काय झालं? भारतातल्या गेम मॉडिंगच्या, म्हणजे गेममध्ये असे आपले बदल करण्याच्या, इतिहासातला एवढा मोठा तुकडा, तो कोणाच्या तरी जुन्या हार्ड डिस्कवर असला तर असेल. आता पुण्यात नॉडिंग हेड्स या स्टुडिओने राजी हा गेम बनवला, २०२० मध्ये स्विचवर आला, बाकीच्या कन्सोलवरही आला, तो खेळताना मला सारखं वाटत होतं की याच्या आधीचे सगळे कुठे आहेत, हे लोक काय एकदम आकाशातून पडले का.

म्हणून मी माझ्यापुरतं सुरू केलंय. जुनी मेमरी कार्डं यूएसबी ॲडाप्टर लावून कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, दादाचंही एक सापडलं, त्यातलं सगळं जसंच्या तसं आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीत चक्कर मारून जुने टीव्ही गेम आणि कॅसेटी मिळतील तेवढ्या उचलतो, उघडतो, आतल्या बोर्डाचे फोटो काढतो, यादीत कितव्या नंबरवर काय लागतं ते लिहून ठेवतो. ही कॅसेटींची यादी वाटते तितकी सोपी नाही, दर कॅसेटला नंबर वेगळे.

तुमच्याही माळ्यावर असा डबा पडलेला असणार, दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी हातात येतो आणि परत वर जातो तो. भंगारवाल्याला द्यायच्या आधी कॅसेटच्या लेबलचा फोटो काढा, पॅकिंग असेल तर त्याचाही. जुन्या हार्ड डिस्कवर क्रिकेट ०७ चं फोल्डर असेल तर ते अख्खं कॉपी करून ठेवा, आपण फक्त खेळलो, काही बनवलं नाही असं वाटत असलं तरी. आणि हे सगळं कुठल्या गावात, कुठल्या साली, कुठल्या जत्रेत घेतलं होतं आणि कितीला पडलं होतं ते घरातल्या मोठ्यांना विचारून सोबत लिहा.